उतारावरची जीप

दापोरा,
८ नोव्हेंबर १९५१

चिरंजीव लीलाधर,

आजीचा अर्धा आशीर्वाद घे. उरलेला अर्धा मी राखून ठेवलाय. तो समोर येऊन वाकल्याशिवाय मिळायचा नाही.

हे तुझी बहीण कुसुम लिहितेय. मी सांगेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं तिला बजावलंय. सातवी पास झाल्यापासून तिला माझं बोलणं सुधारायची खोड लागलीय.

तुझा पत्ता रावेरच्या सोजरबाईनं दिला. तू ज्यांच्या दुकानात काम धरलंस ते भिकनराव तिचे भाऊ. बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मावशी, तुमचा नातू नागपुरात सायकलींना हवा भरतो हो." मी म्हटलं, भरू दे बाई. तीन वर्षं लढाईत मिलिटरीच्या मोटारी हाकल्या, ब्रह्मदेशाचे डोंगर चढला, उतरला, आता सायकलीची हवा. पुढच्या वर्षी जत्रेत फुगे फुगवील. तेवढीच बढती.

रागावलास ना? रागाव. जाताना तू भांडला नाहीस, ओरडला नाहीस, नुसता उठून गेलास. त्यापेक्षा राग बरा.

दिवाळी झाली. तुझ्या आईनं शेव केली आणि एक डबा फडताळात मागं सारून ठेवला. कोणासाठी, ते घरात सगळ्यांना मालूम आहे. 

तुझी जीप निंबाखाली उभी आहे. पुढच्या झाकणावर शेळी झोपते. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलीय, तिला कोणी उठवायचं नाही असं मी सांगितलंय. तू देवळालीच्या मिलिटरीच्या लिलावातून ही गाडी आणलीस तेव्हा मी तिला लोखंडाची म्हैस म्हटलं होतं. दूध नाही, शेण नाही, दारं नाहीत, डोक्यावर धड छप्पर नाही, हाकायचं चाक भलत्याच बाजूला, आणि पिते काय, तर पेट्रोल. ते शब्द मी मागं घेत नाही. पण म्हशीला कोणी वजनावर विकत नाही, आणि तुझ्या बापानं, उखर्डूनं, तेच मांडलं होतं.

पाडवा उलटला आणि उखर्डूनं बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातला भंगारवाला बोलावून आणला. मी जाऊन गाडीत तुझ्या जागेवर बसले आणि लसूण सोलायला घेतला.

भंगारवाला म्हणाला, "आजी, उतरा. गाडी न्यायचीय."

मी म्हटलं, "ने की. मलाही वजनात धर."

उखर्डू ओरडला, "आई, तमाशा करू नको. ह्या गाडीनं बिचाऱ्या दगाचा हात मोडला. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"तुझं तोंड माझ्यावर गेलंय," मी म्हटलं. "तसंही कोणी फार बघत नाही."

लसूण संपला तेव्हा भंगारवाला निघून गेला होता. उखर्डूनं मुदत दिलीय. तुरी निघेपर्यंत गाडी नीट चालली आणि नीट थांबली, तर राहील. नाहीतर जाईल. "आणि चालवणार कोण?" असं त्यानं वर विचारलं.  ह्याचं उत्तर नागपुरात आहे.

गावात अजून तेच बोलणं चालतं. तापीच्या उतारावर लीलाधरनं मस्तीत गाडी सोडली, ब्रेक दाबलाच नाही, आणि खालून येणाऱ्या दगाच्या बैलगाडीवर घातली. तू त्या दिवशी एकदाच म्हणालास, "दाबला होता. लागला नाही." कोणी ऐकलं नाही. मग तू म्हणालास, "माझ्याच हातांची चूक असेल. आता हातात चाक नको." आणि गेलास. मी तिथंच उभी होते. मीही काही बोलले नाही.

कुसुम म्हणते, "आजी, तू काय बोलणार होतीस?" लिही गं पुढं.

बुधवाऱ्यातला कडू मिस्त्री येऊन गाडी खोलतोय. डाव्या बाजूच्या चाकांचे नट काही निघत नाहीत. जोर लावून लावून त्यानं एक बोल्ट तोडला. उजवीकडचे सुटले, डावीकडचे का नाही? तेवढं कळव. बाकी काही लिहू नको, हात दुखेल.

तुझी आजी
धुरपदाबाई

दापोरा,
२१ नोव्हेंबर १९५१

चिरंजीव लीलाधर,

तुझं कार्ड पोचलं. "डावीकडचे नट उलटे फिरवा." झालं, संपलं. नमस्कार नाही, खुशाली नाही, खाली नाव नाही. कुसुमनं अक्षर ओळखलं म्हणून, नाहीतर मला वाटलं असतं सरकारचा हुकूम आला.

पण नट सुटले. कडू मिस्त्रीनं पाना उलटा धरला आणि दोन झटक्यांत सगळे निघाले. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अम्मा, जिसने ये गाडी बनाई, वो सीधा आदमी नहीं था." मी म्हटलं, ज्यानं घेतली तोही नाही.

आता ऐक गाडीची तब्येत. कडूनं बॅटरी शहरात नेऊन भरून आणली. पेट्रोलच्या टाकीतून गंज निघाला, वाटीभर. ग्रीस भरायच्या जागा कुसुमनं मोजल्या, मोजता मोजता दोनदा चुकली, आता तिनं प्रत्येक जागेवर खडूनं फुली मारलीय. घरातलं हळदीकुंकू असावं तशी गाडी दिसते. पुढच्या दांड्यानं फिरवून इंजिन चालू केलं तेव्हा ते तीनदा शिंकलं आणि मग धडधडायला लागलं. शेळी उडी मारून थेट शेजारच्या गोदाबाईच्या अंगणात. तुझी आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. ते इंजिन थांबेपर्यंत आत गेली नाही.

मग कडूनं ब्रेक खोलले.

तू नेहमी पायाखालची फळी उचलून जी डबी बघायचास, ती त्यानं काढली. आत रबराच्या छोट्या छोट्या वाट्या असतात ना, त्या बाहेर काढून त्यानं हातावर ठेवल्या. भिजवलेल्या वालासारख्या टरारून फुगल्या होत्या.

"ह्या अशा फुगल्या तर ब्रेक लागेल कुठून?" तो म्हणाला. मग त्यानं डबीत बोट घातलं, वास घेतला आणि माझ्यासमोर बोट धरलं. "अम्मा, ये तो तिल का तेल है. ब्रेकचं तेल असं नसतं. ये किसने डाला?"

कुसुम म्हणाली, "तिळाचं? ब्रेकमध्ये?"

उखर्डू बाजेवर बसला होता. तो म्हणाला, "त्यानंच ओतलं असेल. ब्रेकचं तेल आणायला खंडव्याला कोण जाणार? घरातलं ओतून मोकळा झाला. आणि वर म्हणतो, दाबला होता."

हे त्यानं मिस्त्रीसमोर म्हटलं. मिस्त्री ते बुधवाऱ्यात सांगेल. तिथून ते बाजाराच्या दिवशी गावात येईल.

कुसुम विचारतेय, "आजी, पुढं काय लिहू?" काय लिहिणार? मी अडाणी बाई, मला ब्रेकचं काय कळतं?

आज एवढंच. माझी दाढ दुखतेय. कुसुम म्हणते, तुझ्या दाढा केव्हाच पडल्या. मग हिरडी दुखते असं लिही.

आजी

बुऱ्हाणपूर, डाकखान्यासमोर,
२४ नोव्हेंबर १९५१

लीलाधर,

अक्षर बदललेलं बघून घाबरू नको. मी जिवंत आहे. निंबोल्याला माहेरी जाऊन येते असं घरी सांगितलं आणि एकटी शहरात आले. हे अरविंदराव लिहितायत. कचेरीत येणाऱ्यांचे अर्ज लिहून देणं हे त्यांचं काम. मी बसल्याबरोबर त्यांनी विचारलं, "अर्ज कोणाविरुद्ध?" मी म्हटलं, "माझ्याविरुद्ध." तेव्हापासून ते चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघतायत. त्यांनी "सेवेशी सविनय निवेदन" असं सुरू केलं होतं. मी ते खोडायला लावलं.

कुसुमसमोर मला हे सांगता येईना. लिहिता येत नाही म्हणजे काय, ते मला सत्तराव्या वर्षी कळलं. एकाच माणसाला काही सांगायचं असलं, तरी मध्ये दुसरं कोणीतरी बसतंच. म्हणून म्हटलं, परका बसू दे.

तेल मी ओतलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला. बैलांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळत होते. तू शेतावर होतास. गाडी निंबाखाली उभी होती. वर्षभर तिनंही ओझी वाहिली होती. केळीचे घड वाहिले, गावातल्या रंभाबाईला बाळंतपणाला दवाखान्यात पोचवलं. बैलांची पूजा करायची आणि तिला कोरडी ठेवायची, हे मला बरं वाटेना. लोखंडाची म्हैस म्हणत होते खरं, पण घरातलीच झाली होती. मी तिच्या पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला लोणीहळद चोळली. ते तू आल्यावर बघितलंस, हसलासही. म्हणालास, "आजी, हिला खांदे कुठले?"

पुढचं तुला माहीत नाही. बैलांना पोळ्याला आपण बांबूच्या नळ्यानं तेल पाजतो. तू एकदा मला फळी उचलून ती डबी दाखवली होतीस आणि म्हणाला होतास, "आजी, हिला इथं तेल पाजतात, म्हणून तर ती थांबते." तुझा पाना सीटखाली होता. झाकण उघडलं तर डबी अर्धी रिकामी. मला वाटलं, बघा, पोरानं उपाशी ठेवलंय. घाण्यावरचं ताजं तिळाचं तेल होतं, बैलांसाठी आणलेलं. तोच नळा, तेच तेल, काठोकाठ भरलं. झाकण घट्ट लावलं. हात जोडले.

अरविंदराव हसतायत. हसा. माझा नातू गेला त्यात.

पाचव्या दिवशी तू उताराला लागलास.

गाडी दगावर गेली त्याच क्षणी मला कळलं असं नाही. पण त्या संध्याकाळी तेलाचा बुधला दिसला आणि मी तो उचलून फडताळाआड ठेवला. सांगितलं कोणालाच नाही. मनात म्हटलं, तेलानं काय होणार, तेल तर चांगलं. कडूनं बोट माझ्यासमोर धरलं तोपर्यंत मी स्वतःशी हेच म्हणत होते. त्या घरात पन्नास वर्षं मी सगळ्यांच्या चुका काढल्या. माझी निघायची वेळ आली तेव्हा दाढ दुखायला लागली.

तू ब्रेक दाबला होतास. तुझ्या हातांत काही खोट नाही, पायांतही नाही. मोठ्यांनी लहानांची माफी मागायची रीत आपल्याकडे नाही. मी मागते.

गावाला मी स्वतः सांगणार आहे. तू ते कोणा दुसऱ्याकडून ऐकू नयेस म्हणून आधी तुला.

अरविंदराव विचारतायत, "शेवटी मागणी काय लिहू?" अर्जाला मागणी लागते म्हणे. लिहा, मागणी काही नाही.

धुरपदाबाई

दापोरा,
१६ डिसेंबर १९५१

चिरंजीव लीलाधर,

परत कुसुम लिहितेय. तिला सगळं मालूम आहे, सगळ्या गावाला मालूम आहे, त्यामुळं आता मोकळेपणानं लिहायला हरकत नाही.

आधी घरात सांगितलं. उखर्डूनं घास खाली ठेवला. मग म्हणाला, "मी मिस्त्रीसमोर काय काय बोललो." एवढंच. हात धुऊन उठला. तुझी आई मात्र माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "सासूबाई, पुढच्या पोळ्याला तेलाचा बुधला माझ्या ताब्यात." मी म्हटलं, मंजूर.

मग दगाकडे गेले. त्याच्या अंगणात चारपाच माणसं कपाशीच्या भावाचं बोलत होती, मला तेच हवं होतं. उभ्या उभ्या सांगितलं.  एक जण हसायला लागला, पण दगानं त्याच्याकडे बघितलं तसा थांबला.

दगा म्हणाला, "म्हणजे काकू, माझा हात तुम्ही मोडला."

"हो."

"तीन महिने मी त्या पोराला शिव्या देतोय."

"त्या मला दे. मी इथंच उभी आहे."

"तुम्हाला काय देणार? तुम्हाला शिव्या देताना माझीच जीभ अडखळेल." मग तो वावराकडे बघायला लागला. "ह्या हातानं मला कापूस वेचता येत नाही. बोंडं फुटून लोंबतायत."

दुसऱ्या दिवसापासून मी दगाच्या वावरात आहे. सत्तर वर्षांची बाई वेचायला आली म्हणून त्याची बायको लाजली. मी म्हटलं, लाजू नको, माझ्यापेक्षा जास्त वेचून दाखव. चौथ्या दिवशी तिनं मला चहा आणून दिला. दहाव्या दिवशी दगा स्वतःच माझ्या ओळीत आला आणि डाव्या हातानं वेचायला लागला. म्हणाला, "काकू, तेल पाजताना हिला काय म्हणालात? बैलाला म्हणतात तसं, पी राजा?" मी खरं सांगितलं. "पी माय, म्हणाले." तो बांधावर बसून इतका हसला की त्याचा मोडलेला हात दुखायला लागला.

तुझं पार्सल मंगळवारी आलं. आत रबराच्या दहा नव्या वाट्या, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेली, आणि एक चिठ्ठी. "एरंडेल आणि स्पिरिट. दुसरं काही नाही." ह्या खेपेला खाली नाव होतं. कुसुमनं ते मला बोटानं दाखवलं.

एरंडेल! ते माझ्या कोनाड्यात होतंच, पोट साफ करायला. तुला लहानपणी एक चमचा पाजायला चार माणसं लागायची. गाडी काही न बोलता प्याली.

कडूनं नळ्या धुतल्या, वाट्या बसवल्या आणि म्हणाला, आता नळ्यांमधली हवा काढायची, एकानं ब्रेक दाबून धरायचा आणि एकानं चाकापाशी स्क्रू सोडायचा. कडू गाडीखाली. दगा आला होता, त्यानं चांगल्या हातात बाटली धरली. दाबायला कोण? कुसुमचा पाय पोचतो, पण जोर पडत नाही. मी उखर्डूकडे बघितलं. तो म्हणाला, "मी त्या गाडीत बसणार नाही असं ठरवलंय." मी म्हटलं, "बसू नको. नुसता पाय दे."

दुपार उलटेपर्यंत अंगणात एकच आरडाओरड. "दाब! धर! सोड!" बाटलीत बुडबुडे येतायत आणि दगा मोजतोय. शेवटच्या चाकाला बुडबुडे थांबले. कडू म्हणाला, "आता दाबा." उखर्डूनं दाबला. पाय वरच्या वर थांबला, जणू खाली दगड आहे. त्यानं परत दाबला. परत थांबला. मग तो कोणाकडे न बघता म्हणाला, "लागतोय."

कडूनं गाडी खळ्यात फिरवली आणि माझ्यासमोर हातभर अंतरावर थांबवली. मी हलले नाही. हलायचं नाही असं ठरवलं होतं. कुसुम म्हणते डोळे मिटले होतेस. ते लिहू नको.

गाडी राहिली, लीलाधर. तुरी अजून उभ्या आहेत. पण ती उतारावर गेलेली नाही. कडू म्हणतो मी नेतो. मी नको म्हटलं. त्या उतारावर तिला नेणारा माणूस दुसरा आहे.

आजी

तार
दापोरा, १६ जानेवारी १९५२

लीलाधर, नागपूर.
निवडणुकीच्या पेट्या सोमवारी नदीपलीकडे न्यायच्या. सरकारी गाडी वाळूत रुतली. तहसीलदार आपली मागतो. परवाना फक्त तुझा. उतार तोच. ये. आजी.

दापोरा,
२५ जानेवारी १९५२

श्री. भिकनराव यांस,

दापोऱ्याच्या धुरपदाबाईचा नमस्कार. आपली भेट नाही, पण तुमची बहीण सोजरबाई आणि मी बाजारात एकाच झाडाखाली बसतो, तेव्हा परके नाही.

माझा नातू तुमच्या दुकानात चार महिने होता. त्याला तुम्ही जेवू घातलं, निजायला जागा दिली आणि काही विचारलं नाही. हे न विचारणं माझ्याच्यानं झालं नसतं, म्हणून जास्त आभार. शनिवारी तुम्ही त्याला तीन दिवसांची रजा दिलीत. आज शुक्रवार आहे. तो का आला नाही हे सांगायला हे पत्र. लिहिणारा कोण, ते अक्षर बघून तुम्ही ओळखालच. तो मान खाली घालून बसलाय आणि म्हणतोय, "आजी, एवढं सगळं कशाला? दोन ओळी पुरेत." त्याच्या दोन ओळी मी बघितल्यात. म्हणून मी सांगतेय. लिही.

तो रविवारी दुपारी उतरला. घरात शिरण्याआधी गाडीकडे गेला. खाली सरकला, प्रत्येक नट हातानं तपासला, फळी उचलून डबी उघडली, वास घेतला. मग आत आला आणि माझ्या पाया पडला. राहिलेला आशीर्वाद दिला. रडणं वगैरे झालं, ते घरचं आहे.

सोमवारी सकाळी अर्धं गाव उतारावर जमलं. मतांच्या पेट्या, दोन कारकून, एक शिपाई. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्यावर चित्र, म्हणजे माझ्यासारख्यांनाही कळावं. पेट्या मागं बांधल्या. पुढं एक जागा राहिली. तिथं कारकून बसायला निघाला तर दगा आडवा झाला. "ही जागा माझी," तो म्हणाला. कारकून म्हणाला, "तुम्ही कोण?" दगा म्हणाला, "मागच्या खेपेला मी खालच्या बाजूला होतो. आज वर बसतो."

ह्यानं छोटा गिअर टाकला आणि गाडी उताराला लावली. भिकनराव, तो उतार तुम्ही बघितलेला नाही. पावसानं खणलेला, एका बाजूला दरड, खाली चकाकणारं पाणी. बायकांनी पदर तोंडात धरला. उखर्डू वळून उभा राहिला, मी त्याला खांद्याला धरून परत वळवलं. म्हटलं, बघ.

अर्ध्यावर, ज्या जागी दगाची गाडी मोडली होती, बरोबर तिथं, ह्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. सरकली नाही, घसरली नाही, खडासुद्धा हलला नाही. मग ह्यानं इंजिनही बंद केलं आणि नुसता पाय ठेवून बसला. वर सगळं गाव, मागं सरकारच्या पेट्या, आणि हा उतारावर स्वस्थ.

मागून कारकून ओरडला, "क्या हुआ?"

हा म्हणाला, "काही नाही. थांबलीय."

दगा हसायला लागला. मग वर कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच. निवडणुकीत कोण जिंकेल ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी आरडाओरड आमचीच झाली. इंजिन परत चालू झालं, गाडी पाण्यात शिरली, चाकांच्या अर्ध्यापर्यंत पाणी, पलीकडच्या वाळूतून चारही चाकांच्या जोरावर वर चढली आणि दिसेनाशी झाली. तीन गावं झाली. मतदान झाल्यावर पेट्या आणायलाही हाच गेला, आणि एकही ओली झाली नाही. तहसीलदारानं विचारलं, बुऱ्हाणपुरात दुसरा कोणी माणूस आहे का असा? कडू मिस्त्री तिथंच होता. तो म्हणाला, "साहेब, गाडी दूसरी मिल जाएगी."

हे सगळं लिहिताना हा दोनदा थांबला. मी थांबू दिलं नाही.

तर तो आता तुमच्याकडे येणार नाही. इथं पलीकडच्या गावांचं केळ नदीच्या वाळूपायी अडकून पडतं, ते काढायला तिकडचे शेतकरी कालपासून दारात बसलेत. त्याची पत्र्याची ट्रंक तेवढी रेल्वेनं पाठवा. तुमचा हवेचा पंप तिच्यात असेल तर काढून ठेवून घ्या, त्यानं इकडं आणला असेल तर मी परत पाठवीन.

आता वाच, म्हटलं मी ह्याला. त्यानं सगळं वाचून दाखवलं, चांगलं, मोठ्यानं. मला वाटलं, झालं. पण कुसुम मागं उभी राहून कागदावर बघत होती. ती म्हणाली, "आजी, तू सुरुवातीला चार महिन्यांआधी काय झालं ते सांगितलंस, ते ह्यानं तोंडानं म्हटलं, लिहिलंच नाही. नुसतं 'चार महिने होता' एवढंच." मी विचारलं, का रे? तर म्हणतो, "परक्या माणसाला कशाला कळायला हवं? गावात कळलं तेवढं बस झालं. तुझं नाव कशाला?"

मला वाचता येत नाही म्हणून त्यानं मला फसवलं, भिकनराव. माझ्यासाठीच फसवलं, तरी फसवलंच. तुम्ही ह्याला चार महिने आपल्या मनानं काहीतरी चूक केलेला मुलगा समजून वागवलं असेल. तसं राहायला नको. म्हणून मी आता त्याच्याजवळ बसलेय, कुसुम त्याच्या खांद्यावरून अक्षर बघतेय, आणि तो लिहितोय. मोठ्या अक्षरात, ओळ सोडून, लाल पेन्सिलीनं.

उतारावर ब्रेक लागला नाही, कारण त्यात तेल मी ओतलं होतं. लीलाधरची काही चूक नव्हती.

धुरपदाबाई, उखर्डूची आई, दापोरा